शह, काडतूस आणि अवतार

घरोघरच्या आईवडिलांनी व्हिडिओ गेमला विद्येचा वैरी ठरवून टाकलं आहे. शब्दांच्या नात्यागोत्यात मात्र हे दोघे चुलतभाऊ निघतात. लॅटिनमध्ये ‘व्हिडेओ’ म्हणजे ‘मी पाहतो’. त्या क्रियापदाचं मूळ आणि संस्कृतातल्या ‘विद्’ धातूचं मूळ एकच. एका शाखेत पाहण्याचा अर्थ टिकला, दुसऱ्या शाखेत जाणण्याचा. वेद, विद्या, विद्वान ही आपल्याकडची मंडळी. व्हिजन, व्हिसा, व्हिडिओ ही तिकडची. १९३०च्या दशकात दूरचित्रवाणीचे प्रयोग चालू होते, तेव्हा पडद्यावरच्या चित्रासाठी एक नाव हवं होतं. ऐकण्यावरून आलेला ‘ऑडिओ’ हाताशी होताच; त्याच्याच मापाने ‘व्हिडिओ’ बेतला गेला.

‘गेम’चं घराणं वेगळं. जुन्या इंग्रजीत ‘गामेन’ म्हणजे मौज, आनंद. हा शब्द मराठीत आला तेव्हा ‘खेळ’ इथे आधीपासून ऐसपैस बसलेला होता. नाटकाचा खेळ, सिनेमाचा तीनचा खेळ, डोंबाऱ्याचा खेळ, शिमग्यातले खेळे, आणि सगळं बिघडलं की खेळखंडोबा! इतक्या कामांचा धनी असलेल्या शब्दाला ‘गेम’ हटवू शकला नाही. त्याने दोनच कामं उचलली. एक म्हणजे पडद्यावरचा खेळ. दुसरं मुंबईच्या बोलीतलं: एखाद्याची गेम करणं, गेम वाजवणं, म्हणजे त्याचा काटा काढणं. ही वाटणी आता इतकी पक्की झाली आहे की मुलगा ‘खेळायला जातो’ म्हणाला तर आई त्याला पाण्याची बाटली देते आणि ‘गेम खेळतो’ म्हणाला तर चार्जर काढून घेते.

या खेळांचा शब्दसंग्रह चाळताना एक गोष्ट लक्षात येते. इथे नवा घडवलेला शब्द क्वचितच सापडतो. यंत्र कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या भागांना काय म्हणायचं हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी जुगारी, शिपाई, वैमानिक, गवंडी, पुराणिक अशा सगळ्यांकडून उसनवारी केली. म्हणूनच शब्दाचा माग काढला की ती वस्तू कुठल्या वाटेने आली तेही कळतं.

सुरुवातीचे खेळ तर नावापुरतेही नवे नव्हते. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत १९५८ साली विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या छोट्या गोल पडद्यावर ठिपका उडवून दाखवला. त्याचं नाव ‘टेनिस फॉर टू’. १९६२मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी तिथल्या संगणकावर दोन अंतराळयानांची लढाई लावली, ते ‘स्पेसवॉर’. म्हणजे एक खेळ मैदानावरचा आणि दुसरा रणांगणावरचा. राल्फ बेअर यांनी हाच प्रकार घरच्या टीव्हीवर आणला आणि १९७२मध्ये मॅग्नव्हॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’ बाजारात आला. त्याच्या खोक्यात काय काय होतं पाहा: टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत प्लास्टिकचे पडदे, फासे, खोट्या नोटा आणि पत्ते. यंत्राला आवाज नव्हता आणि गुणही ज्याचे त्याने मोजायचे. पटावरच्या खेळाने टीव्हीच्या घरात नुकतं पाऊल ठेवलं होतं आणि येताना तो आपलं सामान बरोबर घेऊन आला होता.

त्याच वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियात नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी कंपनी नोंदवायला घेतली. त्यांनी ठरवलेलं नाव ‘सिझिजी’, म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येणं. हा शब्द ग्रीक ‘झिगॉन’वरून आला. झिगॉन म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. आणि आपलं ‘जू’ ज्या ‘युग’ शब्दापासून झालं, त्याचं आणि ‘योग’चं मूळही तेच. पण हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं निघालं. योग काही जुळून आला नाही. बुशनेल जपानात रुजलेल्या ‘गो’ या पटखेळाचे शौकीन होते. त्या खेळातल्या संज्ञांमधून त्यांनी ‘अटारी’ उचलला.

जपानीत ‘अतारु’ म्हणजे नेमकं लागणं, नेम बसणं. गोच्या पटावर समोरच्याच्या सोंगट्यांना चहूबाजूंनी घेरलं, त्यांना श्वास घ्यायला एकच जागा उरली आणि पुढच्या चालीला त्या मारता येणार असल्या, की ती ‘अटारी’. आपल्या बुद्धिबळात हिला चपखल शब्द आहे: शह. आपल्याकडच्या माडीच्या अटारीशी मात्र हिचं काही नातं नाही. ध्वनी जुळले म्हणून सोयरीक जुळत नाही, हा शब्दांच्या बाजारातला पहिला धडा.

शहाची गोष्ट इथे सोडवत नाही. चतुरंग भारतातून इराणात गेलं आणि तिथल्या ‘शाह’ला, म्हणजे राजाला, धोका निर्माण झाला की तो शब्द उच्चारायची रीत पडली. तोच शब्द अरबांच्या मुखातून युरोपात पोचला, फ्रेंचांनी त्याचा ‘एशेक’ केला आणि इंग्रजांनी ‘चेक’. राजाला अडवणं, मग कोणालाही अडवणं, मग अडवून तपासणं असा अर्थ पसरत गेला. आपण फारसीतला ‘शह’ थेट घेतला आणि त्याला ‘काटशह’ जोडून राजकारणाच्या बातम्यांना कायमचा पुरवठा केला. आज गेममध्ये मेल्यावर ज्या ‘चेकपॉइंट’पासून पुन्हा उठायचं असतं, त्यात इराणचा तो शाह अजून अडकून पडला आहे.

अटारीचा पहिला गाजलेला खेळ ‘पाँग’, अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी बनवलेला. सनीव्हेल गावातल्या एका दारूच्या गुत्त्यात १९७२मध्ये तो ठेवला. यंत्र बंद पडल्याची तक्रार आली म्हणून उघडून पाहिलं, तर नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. हे यंत्र गुत्त्यातून ‘आर्केड’मध्ये गेलं. लॅटिन ‘आर्कुस’ म्हणजे धनुष्य, कमान. कमानींची ओळ ती आर्केड. अशा कमानींच्या छताखाली दुकानं आली, मग पेनी टाकून करमणूक करणारी यंत्रं आली, आणि शेवटी कमानी गेल्या तरी यंत्रांच्या जागेला नाव चिकटून राहिलं. आपल्याकडे हा शब्द उलट्या दिशेने गेला. पुण्या-ठाण्यातल्या ‘अमुक आर्केड’ नावाच्या इमारतीत एकही गेम नसतो. खाली गाळे आणि वर कार्यालयं. नकळत आपण जुन्या अर्थाशी प्रामाणिक राहिलो.

गेमच्या जागेला मुंबई-पुण्यात नाव पडलं ‘व्हिडिओ गेम पार्लर’. फ्रेंच ‘पार्ले’ म्हणजे बोलणं. मठात मौन पाळणाऱ्यांना बाहेरच्यांशी बोलण्यासाठी राखून ठेवलेली खोली ती पार्लर. नव्वदच्या दशकातल्या पार्लरमध्ये मात्र सहा यंत्रांच्या कल्लोळात शेजाऱ्याचंही ऐकू येत नसे. तिथे १९९३चा कॅपकॉम कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ तुफान चाले, पण हे नाव घेताना कोणी कधी ऐकलं नसेल. त्यातल्या चार वीरांपैकी चपळ मुस्तफा पोरांचा लाडका, म्हणून खेळाचं नावच ‘मुस्तफा’. सिनेमाला ‘अमिताभचा पिक्चर’ म्हणणाऱ्या लोकांनी केलेलं हे बारसं. असंच नशीब ‘मारिओ’चं. गेम बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाले यांच्यावरून ते नाव पडलं आणि आपल्याकडे कित्येक घरांत टीव्हीला जोडायच्या प्रत्येक खेळाचं ते सामान्यनाम झालं. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या गोव्यात तेवढं ते नाव ओळखीचं वाटलं असेल.

गोव्याचं नाव निघालंच आहे, तर या सगळ्या संग्रहातला सर्वांत लांब प्रवास केलेला शब्द काढायला हरकत नाही. ग्रीक ‘खार्तेस’ म्हणजे पपायरसचा कागद. पोर्तुगीज भाषेत त्याचा झाला ‘कार्ता’, आणि कार्ताचे अर्थ दोन: लिहायचं पत्र आणि खेळायचं पान. मराठीनेही अगदी हेच केलं आहे. झाडाचं पान ते ‘पत्र’. लिहिलं तर पत्र, पिसलं तर पत्ते.

पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतला आणि पूर्वेकडच्या साऱ्या उलाढालींचं ते ठाणं केलं. १५४३मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले आणि पुढे गोव्याहून मलाक्का-मकाव करत जपानकडे गलबतं जाऊ लागली. जपान्यांना त्यांच्याकडून मिळालेल्या वस्तूंमध्ये दोन आपल्या कामाच्या आहेत: बंदूक आणि पत्ते. ‘कार्ता’चा जपानी उच्चार झाला ‘करुता’. जुगार माजला म्हणून राज्यकर्त्यांनी पत्त्यांवर बंदी घातली. लोकांनी चित्रं बदलून नवे पत्ते काढले, त्यांच्यावर बंदी आली, पुन्हा नवे काढले. या लपंडावातून ‘हानाफुदा’ म्हणजे फुलांचे पत्ते तयार झाले. एकूण ४८ पानं, वर्षाच्या १२ महिन्यांची प्रत्येकी ४. आकडा एकावरही नाही, नुसती पाइन, चेरी, शेवंती. बंदी उठल्यावर १८८९मध्ये क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी हे पत्ते हाताने बनवून विकायचं दुकान काढलं. त्या दुकानाचं नाव निन्टेन्डो.

आता कार्ताची दुसरी शाखा. इटालियनमध्ये कागदाच्या पुंगळीला म्हणतात ‘कार्तोच्चो’. अशा पुंगळीत मोजकी दारू आणि गोळी भरली की बंदूक ठासायला सोपी. फ्रेंचांनी तिला ‘कार्तूश’ म्हटलं, इंग्रजांनी ‘कार्ट्रिज’, पोर्तुगीजांनी ‘कार्तूशु’; आणि पोर्तुगीजांकडून आपण घेतलं ‘काडतूस’. १८५७मध्ये ज्यावरून भडका उडाला, ते काडतूस कागदाचंच होतं, म्हणून तर ते दाताने फाडावं लागे. पुढे कागद जाऊन पितळ आलं आणि शब्द बंदुकीबाहेरही पडला. यंत्रात एका झटक्यात भरायची आणि काम झालं की काढून दुसरी लावायची अशी कुठलीही सीलबंद वस्तू कार्ट्रिज होऊ लागली: शाईची, ध्वनिफितीची आणि शेवटी खेळाची. ‘ओडिसी’त खोचायच्या पट्ट्यांना ‘गेम कार्ड’ म्हणत, पण त्या नुसत्या जोडण्या बदलत. खेळ यंत्रातच असे. फेअरचाइल्ड कंपनीत जेरी लॉसन यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९७६च्या ‘चॅनल एफ’ यंत्रात खेळ खरोखर यंत्राबाहेर काढून डबीत भरला. यंत्र एक, खेळ हवे तितके.

निन्टेन्डोने १९८३मध्ये आपलं ‘फॅमिकॉम’ हे यंत्र काढलं आणि कार्ट्रिज विकायला सुरुवात केली. पत्ते विकणारे काडतुसं विकू लागले असं वरवर वाटतं. शब्दांच्या दृष्टीने त्यांनी धंदा बदललाच नाही. कार्ताची एक नात गेली आणि दुसरी आली, इतकंच.

आपल्याकडे फॅमिकॉमच्या जातीची यंत्रं सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी आली, आणि काडतूस घरात असतानाही कार्ट्रिजला कोणी काडतूस म्हटलं नाही. तिला म्हणाले ‘कॅसेट’. जपानी पोरंही तिला ‘कासेत्तो’च म्हणत. फ्रेंचमध्ये कॅसेट म्हणजे छोटी पेटी. गाण्यांची कॅसेट घरात रुळलेली होती. चौकोनी, प्लास्टिकची, खाचेत बसणारी दुसरी वस्तू आली तेव्हा तिला तेच नाव देऊन मोकळे झाले, आत फीत नसली तरी. पडद्यावर पट्टे आले की कॅसेट उपसायची, उलटी धरून पितळी दातांवर जोरात फुंकर मारायची, शर्टाच्या टोकाने पुसायची आणि पुन्हा खटकन बसवायची, हा विधी नाशिकपासून नागपूरपर्यंत सारखाच. कॅसेटवर ‘९९९९९९ इन वन’ छापलेलं असे. प्रत्यक्षात पाच-सहा खेळ आलटून पालटून.

अटारीची काडतुसं मात्र फुसकी निघाली. स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ सिनेमावरचा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी जेमतेम पाच आठवड्यांत बनवला आणि १९८२च्या नाताळासाठी बाजारात ओतला. तो पडून राहिला. पुढच्या वर्षी अमेरिकेतला सगळा गेम-बाजारच कोसळला, आणि न विकलेल्या मालाचे ट्रक न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलमोगोर्डोच्या कचराडेपोत रिकामे झाले. लोक ही दंतकथा समजत होते. २०१४मध्ये खणून पाहिलं तेव्हा डब्या खरंच निघाल्या.

काही शब्द झटपट सांगून टाकतो. ‘जॉयस्टिक’ वैमानिकांची, १९१०च्या सुमाराची, विमान वळवायची दांडी. ‘बॉस’ डचांचा, ‘बास’ म्हणजे मालक. लेव्हलच्या शेवटी दार अडवून उभा असलेला तो आडदांड शत्रू मुळात कारखान्याचा मुकादम आहे, हे कळल्यावर त्याला मारायला जास्तच मजा येते. आणि ‘चीट’! गेममधला सर्वांत प्रसिद्ध चीट कोड जपानच्या कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या ‘ग्रेडियस’मध्ये ठेवला: वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. ‘काँत्रा’मध्ये तो दाबला की तीस जीव मिळत. हा ‘चीट’ आला ‘एस्चीट’ या कायद्यातल्या शब्दापासून. वारस नसलेली जमीन सरंजामदाराने ताब्यात घ्यायची, ती एस्चीट. ती गोळा करणारे अंमलदार इतके लबाड निघाले की शब्दाचा अर्थच लुबाडणूक झाला. दत्तक नामंजूर करून १८४८मध्ये डलहौसीने सातारा खालसा केला, तो प्रकार याच जातीचा. इंग्रजीच्या हिशेबाने मग तो चीट कोडच म्हणायचा. आपल्या मैदानातला शब्द त्याहून नेमका आहे: रडीचा डाव.

जपानी कानाला काय भावतं ते ‘पॅक-मॅन’मध्ये दिसतं. नामको कंपनीचे तोरू इवातानी यांनी १९८०मध्ये तो केला. तोंडाची उघडझाप करत खाण्याच्या आवाजाला जपानीत म्हणतात ‘पाकु-पाकु’. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण मटामटा जेवतो, कचाकचा चावतो, घटाघटा पितो. शब्द दोनदा उच्चारला की कृती चालू झाली. इंग्रजीत ही सोय तोकडी, म्हणून तिकडे पोचताना ‘पाकु’चा फक्त ध्वनी पोचला, खाणं मागेच राहिलं. जपानमध्ये नाव होतं ‘पक-मॅन’. अमेरिकेत पहिल्या अक्षरावर खाडाखोड करून कोणी त्याची शिवी करील या भीतीने ते बदललं.

‘टेट्रिस’ आपल्याला आणखी जवळचा. मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४मध्ये तो लिहिला. त्यांच्या ‘एलेक्त्रोनिका ६०’ संगणकाला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे चक्क कंसांच्या चिन्हांनी दाखवले. प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा. ग्रीक ‘टेट्रा’ म्हणजे चार, आणि पाजित्नोव्हना आवडणारा खेळ टेनिस. दोन्ही जोडून टेट्रिस. हा टेट्रा आणि आपला ‘चतुर्’ एकाच मुळाचे. पुढे हातात मावणाऱ्या ‘ब्रिक गेम’च्या रूपाने तो आपल्याकडच्या जत्रेतही पोचला.

शेवटी ‘अवतार’. रिचर्ड गॅरिएट यांच्या १९८५च्या ‘अल्टिमा ४’ खेळात नायकाने सद्गुणांच्या बळावर ‘अवतार’पदाला पोचायचं होतं. वर्षभराने लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या खेळात, टेलिफोनच्या तारेने जोडलेल्या अनेक माणसांच्या जगात, खेळणाऱ्याच्या वतीने पडद्यावर वावरणाऱ्या बाहुलीला चिप मॉर्निंगस्टार यांनी ‘अवतार’ म्हटलं. अव म्हणजे खाली, तृ म्हणजे तरून जाणं, पार होणं. देव खाली उतरतो तसा खेळणारा पडद्यात उतरतो, ही त्यांची कल्पना सुरेख. पण मराठीने हा शब्द वैकुंठातून केव्हाच अंगणात आणलेला आहे. केस पिंजारलेले, शर्ट मळलेला पाहून ‘हा काय अवतार?’ असं विचारणारी आई देवाबद्दल बोलत नसते, वरून दिसणाऱ्या रूपाबद्दल बोलत असते. कोकणातल्या दशावतारात तर रात्री रंग चढवला की शेतकऱ्याचा विष्णू होतो आणि पहाटे रंग पुसला की पुन्हा शेतकरी. रूप घ्यायचं, खेळ करायचा, रूप उतरवायचं. अमेरिकेहून परत आलेला ‘अवतार’ आपल्या मुलांना परका वाटत नाही, याचं कारण हे आहे.

उसने घेतलेले शब्द मराठी जसेच्या तसे ठेवत नाही. आधी त्यांना लिंग चिकटवते. लेव्हल ‘ती’, कारण मनात पातळी असते. जॉयस्टिक ‘ती’, कारण दांडी. स्कोअर ‘तो’. ‘गेम’चं अजून ठरत नाही: खेळावरून म्हणणारे ‘नवा गेम आला’ म्हणतात, पोरं ‘नवीन गेम आली’ म्हणतात, आणि मुंबईत एखाद्याची गेम होते तेव्हा ती स्त्रीलिंगीच असते. क्रियापदं मात्र सगळी घरची. जीव जातो, डाव लागतो, लेव्हल पार होते.

एका शब्दाची अदलाबदल मला खटकते. ऑनलाइन खेळात नवख्याला ‘नूब’ म्हणतात आणि ती शिवी आहे. आपल्या अंगणात नवख्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणत. तो बाद होत नसे, त्याच्यावर राज्य येत नसे, आणि तरी तो खेळात असे. लहानग्याला सांभाळून घेण्याचा हा नियम अख्ख्या गल्लीला पाठ होता. मराठीतून गेम बनवणाऱ्यांनी ‘दृक्‌क्रीडा’ छापाचे शब्द घडवत बसण्यापेक्षा इथून सुरुवात करावी. सर्वांत सोप्या लेव्हलला ‘कच्चा लिंबू’ म्हणावं, जोडीदार निवडताना ‘भिडू’, पुन्हा सुरू करताना ‘नवा डाव’. आणि खेळ मध्येच थांबवायच्या बटणावर ‘टाइमप्लीज’ लिहावं. तो शब्द इंग्रजी आहे, हे मराठी पोराला शाळेत गेल्यावर कळतं.